ब च्या पोटातली रेघ

धाकट्या बहिणीच्या लग्नात हॉल काकांनी ठरवला, आचारी वडिलांनी, साड्या आईने. पत्रिका माझ्या गळ्यात पडली, कारण घरात ‘कॉम्प्युटरवर बसणारा’ मी एकटा. मी बसतो तो जीएसटीची रिटर्न्स भरायला, पण आमच्याकडे एवढा बारीक भेद कोणी करत नाही.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. अक्षरांचं वेड मला आधीपासून. त्यातही माझा जीव त्या जाड-बारीक अक्षरांवर: दांडा पैलवानाच्या मांडीसारखा आणि त्याला चिकटलेली रेघ केसाएवढी. रोमन लिपीत हा थाट अठराव्या शतकाच्या अखेरीस आला. इटलीत पार्मा इथं टाइप घडवणारा मुद्रक बोदोनी, पॅरिसात त्याच धंद्यातलं दिदो घराणं. पुढे लंडनवाल्यांनी त्याच अक्षराला खुराक घालून आणखी फुगवलं आणि लॉटरीच्या जाहिरातींवर चढवलं. बोदोनी १८१३ साली गेला; त्याच्या टाइपांचा मोठा नमुनाग्रंथ १८१८ साली त्याच्या बायकोनं पुरा करून छापला. छपाईचं शेवटी घरच्यांनाच निस्तरावं लागतं, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

देवनागरीत असं अक्षर शोधताना मला ‘रोझा वन’ नावाचा फॉन्ट सापडला. इंडियन टाइप फाउंड्रीचा, देवनागरी आणि रोमन दोन्ही, गूगल फॉन्ट्सवर फुकट. मोठ्या मथळ्यांसाठी, पोस्टरसाठी केलेला. हे त्यांनी लिहूनही ठेवलंय. मी फक्त ‘फुकट’ वाचलं.

वधू-वरांची नावं ४८ पॉइंटात लावली आणि खुर्चीत मागे रेलून बघत बसलो. काय ती अक्षरं! साध्या उभ्या काना-मात्रांनासुद्धा शालू नेसवल्यासारखं दिसत होतं. मग वाटलं, एवढ्यावर का थांबा? मिती, मुहूर्त, स्थळ, स्वागतोत्सुक मंडळी, ‘आहेर आणू नये’, सगळं त्याच टाइपात बसवलं. ९ पॉइंटात. मरून कागदावर सोनेरी फॉईलमध्ये.

छापखानेवाल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “साहेब, बारीक रेघ फॉईल पकडणार नाही. खालच्या मजकुराला साधा टाइप घ्या.”

“पण मग एकजिनसीपणा जाईल ना काका.”

काकांनी माझ्याकडे दोन क्षण पाहिलं. लग्नघरातल्या माणसाशी वाद घालायचा नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम असावा. “बरं, फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून पाठवा,” एवढंच म्हणाले. पुढे प्रूफ आलं ते मोबाइलवर पाहिलं, दोन बोटांनी पसरून पसरून. त्या मापाला सगळंच सुरेख दिसत होतं. ओके कळवून टाकलं.

साडेतीनशे पत्रिका घरी आल्या. आईने पहिली देवापुढे ठेवली. दुसरी थोरलीच्या मुलीने उचलली. ती सहा वर्षांची, नुकतीच वाचायला लागलेली, त्यामुळे दुकानाच्या पाट्यांपासून बिस्किटाच्या पुड्यापर्यंत काहीही मोठ्यानं वाचते. शेवटची ओळ तर तिच्याच तोंडी घातलेली होती.

“आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं वरं का! मामा, वरं का म्हणजे काय?”

मी पत्रिका हिसकावून घेतली. ‘वुधवार’. ‘सहकुटुंव’. ‘वाळगोपाळ’. मिती ‘ज्येप्ठ’ शुद्ध पंचमी. ‘आप्तेप्ट’.

आता यामागची गोम सांगतो. बोरूचं टोक देवनागरीसाठी ज्या बाजूला तिरकं कापतात, त्याने डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी तिरपी रेघ बारीक येते. ब आणि ष च्या पोटातली रेघ नेमकी तशी. थाटाच्या अक्षरात ती आणखी बारीक होते. त्यात ९ पॉइंट, त्यात खरखरीत कागद. सोनं तिथं टेकलंच नव्हतं. ब चा व आणि ष चा प. ‘आहेर आणू नये’ ही ओळ तर सगळ्यात लहान; ती सोन्याच्या मुंग्यांची रांग झाली होती.

पुन्हा छापायला वेळ नव्हता आणि वडिलांची मुद्रा पाहता पैसेही नव्हते. मी सोनेरी जेल पेनं आणली, डझनभर. रात्री जेवणं झाल्यावर दिवाणखान्यात सतरंजी पसरली. एका पत्रिकेत ब आणि ष मिळून अकरा. साडेतीनशे गुणिले अकरा, तीन हजार आठशे पन्नास रेघा. हिशोब मी मोठ्यानं केला, ही त्या रात्रीची माझी दुसरी चूक.

“पोटात फक्त एक तिरपी रेघ मारायची,” मी सगळ्यांना दाखवलं. काका ष वर, आई आणि आत्या ब वर. नवरी मुलगी हाताला मेंदी आहे म्हणून सुटली. मेंदी खरं तर दुसऱ्या दिवशी होती.

आत्याचा हात सपासप चालत होता. आमची दहा व्हायची तेव्हा तिची चाळीस. बारा वाजता ती गठ्ठा बांधून उठली. “हे व्याह्यांकडचे झाले,” म्हणाली आणि झोपायला गेली. सकाळी सातला काका तो गठ्ठा घेऊन गेलेसुद्धा.

लग्नाच्या दिवशी कार्यालयाच्या दारावर त्याच टाइपात फ्लेक्स लावला होता. एकेक अक्षर फूटभर उंच. ब च्या पोटातली रेघ रस्त्यापलीकडून दिसत होती. लोक फोटो काढत होते. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आहेराचं खोकं होतं. संध्याकाळपर्यंत आईने नऊ लेमन सेट मोजले.

पंगतीत व्याही शेजारी बसले. मठ्ठ्याचा घोट घेऊन त्यांनी खिशातून पत्रिका काढली, अगदी आदबीने उलगडली आणि बोट ठेवलं. वर ठसठशीत सोनेरी रेघांनी सजलेलं ‘शुभ बिबाह’. खाली ‘बधू’. त्याखाली ‘बर’.

“तुमच्याकडे कोणी बंगाली आहे का हो?”

“आहे,” मी म्हणालो. “आत्या.”