सातबारा नावावर झाला, बैलजोडीचं काय?

आमच्या आजोबांना कुळकायद्यात दीड एकर जमीन मिळाली. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, 'कसेल त्याची जमीन'. पुढे सातबाऱ्यावर त्यांचं नाव चढलं, तेव्हा आजीनं त्या कागदाला हळदकुंकू वाहिलं म्हणे. पण जमिनीची किंमत हप्त्यांनी भरायची होती. बैल नव्हते, बियाणं उसनं. चार वर्षांत ती जमीन अर्धेलीनं पुन्हा जमीनदाराच्या वाड्याकडेच गेली. नाव आजोबांचं, धान्याची पोती वाड्यात. "कागुद दिला, बैल कुनी दिलं?" असं ते शेवटपर्यंत म्हणायचे.

आज न्यूयॉर्कमध्ये बसून हे आठवतंय, कारण गेली काही वर्षं मी इथं तेच पुन्हा बघतेय. फक्त जमिनीच्या जागी गांजाची दुकानं आहेत.

मी क्वीन्समध्ये एका छोट्या ऑफिसात लोकांचे कर आणि हिशेब बघते. गांजाविक्रीचा सरकारी परवाना मिळालेली एक बाई माझ्याकडे येते, शहरातल्या साउथ ब्राँक्स या गरीब भागात वाढलेली. नाव न सांगता तिच्याबद्दल लिहू का, असं मी तिला विचारलं, ती हो म्हणाली. परवा आपल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "अमेरिकेनं गर्दुल्ल्यांना दुकानं वाटली." ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण पूर्ण वाचा.

१९७३ मध्ये गव्हर्नर रॉकफेलर यांनी या राज्यात अमली पदार्थांविरुद्ध देशातले अत्यंत कडक कायदे आणले. १९७७ मध्ये गांजापुरती थोडी सूट मिळाली. २५ ग्रॅमपर्यंत जवळ असेल तर नुसता दंड, पण तोच 'उघड्यावर' दिसला तर फौजदारी गुन्हा. आता पोलीस काय करायचे? रस्त्यात पोराला अडवायचे आणि म्हणायचे, खिसे रिकामे कर. त्यानं खिशातली पुडी बाहेर काढली, की झाला गांजा 'उघड्यावर'. घाला बेड्या! २०११ या एका वर्षात न्यूयॉर्क शहरात जवळ गांजा सापडला म्हणून पन्नास हजारांहून जास्त अटका झाल्या. त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. ओढणारे गोरे काही कमी नव्हते. एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या २०२० च्या अहवालात देशभराचा हिशेब आहे: वापराचं प्रमाण जवळपास सारखं असूनही गांजासाठी अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांच्या बाबतीत गोऱ्यांच्या साडेतीन पटींहून जास्त.

माझ्या या बाईच्या भावाला एकोणिसाव्या वर्षी असंच उचललं होतं. एक रात्र कोठडीत. नंतर प्रत्येक नोकरीच्या अर्जावर गुन्ह्याची नोंद विचारणारा तो एक रकाना, आणि सरकारी घरातून आईलाही बाहेर काढतील ही धास्ती.

म्हणून ३१ मार्च २०२१ ला या राज्यात गांजा कायदेशीर करणारा जो कायदा झाला, तो मला मनापासून आवडला होता. जुन्या गुन्ह्यांच्या नोंदी आपोआप पुसायच्या. करातून येणाऱ्या पैशातले ४० टक्के, या धरपकडीनं पोळलेल्या वस्त्यांवर खर्च करायचे, ४० टक्के शाळांवर, २० टक्के व्यसनमुक्तीवर. निम्मे परवाने अशा वस्त्यांतले लोक, अल्पसंख्याक, स्त्रिया, अडचणीतले शेतकरी आणि सैन्यात जायबंदी झालेले यांना देण्याचं उद्दिष्ट. आणि पुढच्या वर्षी राज्याच्या गांजा कार्यालयानं ठरवलं, की किरकोळ विक्रीचे पहिले परवाने ज्यांना स्वतःला किंवा ज्यांच्या घरातल्या कुणाला गांजासाठी शिक्षा झाली होती, त्यांना. ज्यांनी भोगलं त्यांचा नंबर पहिला. यात भीक कसली? हे नुकसानभरपाईचं पहिलं पाऊल होतं.

पण पुढचं ऐका.

सरकारनं सांगितलं, तुमच्यासाठी वीस कोटी डॉलरचा निधी उभा करू, दीडशे दुकानं तयार करून हातात देऊ. त्यातली मोजकीच झाली. ती ज्यांना मिळाली त्यांच्या मानेवर दुकानाच्या सजावटीचं कर्ज बसलं, आणि अनेकांची तक्रार हीच की खर्च किती करायचा हे आम्हाला कुणी विचारलंच नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चार जायबंदी माजी सैनिक कोर्टात गेले. कायद्यात आमचंही नाव आहे, मग आम्ही मागे का? त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, घोळ सरकारनं घातला होता. कोर्टानं नवी दुकानं थांबवली. ज्यांनी जागा घेऊन ठेवल्या होत्या ते कित्येक महिने बंद शटरचं भाडं भरत राहिले. त्याच काळात शहरात हजाराहून जास्त बिनपरवाना दुकानं दिवसाढवळ्या गांजा विकत होती. त्यांना खऱ्या अर्थानं कुलपं लागली ती २०२४ मध्ये.

आणि जुलै २०२५ मध्ये राज्याच्या गांजा कार्यालयाला कळलं, की शाळेपासूनचं पाचशे फुटांचं अंतर आपणच चुकीचं मोजलं. दारापासून दारापर्यंत मोजलं, मोजायला हवं होतं शाळेच्या हद्दीपासून. शंभराहून जास्त परवानाधारकांचे जीव टांगणीला लागले. घरदार गहाण टाकून, सरकारनंच मंजूर केलेल्या जागेत ज्यांनी दुकान थाटलं, त्यांचे!

आता माझ्या कामाचा भाग. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्यात गांजा १९७० पासून हेरॉइनच्याच यादीत आहे, आणि करकायद्यात २८०ई नावाचं १९८२ चं एक कलम आहे. या यादीतला माल विकणाऱ्याला मालाची किंमत तेवढी वजा करता येते. भाडं, पगार, वीज, जाहिरात काहीच नाही. उदाहरण घ्या. विक्री दहा लाख डॉलर, माल सहा लाखांचा, भाडं-पगार साडेतीन लाख. हातात उरले पन्नास हजार. पण केंद्राचा कर बसतो चार लाखांवर. २१ टक्क्यांनी ८४ हजार. नफ्यापेक्षा कर जास्त! ज्या कंपन्यांच्या मागे गुंतवणूकदार उभे आहेत त्या असा तोटा वर्षानुवर्षं पचवतात. वडिलांच्या पेन्शनमधून उसने घेणारी बाई कुठून पचवणार? मे २०२४ मध्ये केंद्रानं गांजा खालच्या, कमी कडक यादीत हलवण्याचा प्रस्ताव मांडला. तसं झालं तर हे कलम सुटतं. पण त्याआधी बुडालेल्या छोट्या दुकानांना त्यातून काय मिळणार, आणि त्यानं जुन्या शिक्षाही पुसल्या जात नाहीत.

अशा वेळी दारात सावकार येतोच. पैसे माझे, नाव तुझं. पोळलेल्यांना आधी परवाने देणारा असा समन्यायी कार्यक्रम देशात सर्वात आधी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरानं सुरू केला, तिथंही हेच झालं. मिसूरी राज्याला तर वंचितांसाठीचे काही छोटे परवाने रद्द करावे लागले, कारण खरे मालक दुसरेच होते. राखीव कोट्यातल्या पेट्रोलपंपांचे किस्से ऐकत वाढलेल्या आपल्याला 'बेनामी' हा शब्द समजावून सांगायला नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. परवान्याबरोबर भांडवल द्या, आणि ते कर्ज म्हणून देऊ नका, अनुदान म्हणून द्या. सरकारी इमारतींतले गाळे पहिली दोन वर्षं बिनभाड्यानं द्या. आणि दरवर्षी जाहीर करा, की निम्म्या परवान्यांतला खरा नफा कुणाच्या खात्यात जातोय. किती परवाने वाटले हा आकडा मला आता ऐकवू नका.

जाता जाता, इथल्या आपल्या लोकांसाठी एक काळजीची गोष्ट. राज्यात कायदेशीर असलं तरी नागरिकत्वाच्या अर्जात गांजा आड येतो. इमिग्रेशन खात्यानं २०१९ मध्येच लेखी सांगितलंय, की अशा दुकानातली नोकरीसुद्धा आड येऊ शकते. व्हिसा किंवा ग्रीनकार्डावर असलेल्या कॉलेजातल्या मुलांना हे आजच सांगा. माझ्या मुलानं ओढावा असं मलाही वाटत नाही. पण त्याच्या खिशात पुडी सापडली तर त्याला एक न्याय आणि ब्राँक्समधल्या पोराला दुसरा, हे मला मान्य नाही.

गेल्या शुक्रवारी ती बाई तीन फायली घेऊन आली होती. एकानं तिला दुकान चालवायला पैसे देऊ केलेत. करार बावीस पानी. अकराव्या पानावर लिहिलंय, की सगळे व्यवहाराचे निर्णय गुंतवणूकदार घेईल, दुकानावर पाटी मात्र तिच्याच नावाची राहील. तिनं मला विचारलं, "सही करू?" मी तिला आजोबांच्या दीड एकराची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण भाडं एक तारखेला भरायचंय."