दाखवायचे दात

मेणावर लावलेली कवळी तोंडात घालून बघायची, त्या दिवशी मी आरशासमोरून पाऊण तास हललो नाही. फार पांढरे नकोत, पुढचे दोन जरा वाकडेच असू द्या, नाहीतर लोक ओळखतील! डॉक्टरांनी विचारलं, "आणि दाढा?" मी म्हटलं, "त्या कोण बघतंय?"

अठ्ठावीस दात घेऊन घरी आलो आणि गाजराचा तुकडा डाव्या दाढेखाली धरला. डावीकडे कवळी दबली, उजवीकडे वर उचलली. गाजर जसंच्या तसं. जीभ कवळीला धरायला धावली, गालही मदतीला आला आणि त्या गडबडीत तोच चावला गेला. दहा मिनिटांत कानशिलं ठणकायला लागली.

"कानशिलावर बोटं ठेवून दात आवळा," डॉक्टर म्हणाले. बोटांखाली काहीतरी टणक फुगलं. तो चावण्याचा स्नायू, दुसरा गालात. आपले दात हाडात रुतलेले, कवळी मात्र ओल्या हिरडीवर नुसती टेकलेली. त्यामुळे पूर्ण कवळीचा जोर मूळ दातांच्या जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा. (हे आधी सांगितलं असतं तरी मी आरशातच बघत बसलो असतो.) आणि आहे तो जोर घासावर पडणार की कवळी हलवण्यात जाणार, हे दाढांच्या मांडणीवर. माझ्या दाढांच्या उंचवट्यांचा उतार ३३ अंशांचा, म्हणजे चांगल्या टोकदार. घासात घुसतात, पण जबडा जरा बाजूला सरकला की एकमेकींना ढकलतात. त्यात माझी खालची हिरडी झिजून सपाट झालेली. शिवाय खालच्या दाढा हिरडीच्या कण्यावर, म्हणजे तिच्या माथ्यावर नाहीत, किंचित बाहेर. कवळी कलंडते, हिरडी दुखते आणि स्नायू हात आखडता घेतात.

"मग सपाट लावा."

"त्या शांत बसतात, पण घास तुटत नाही, नुसता चेंगरतो. चावून चावून दमाल."

शेवटी वरच्या दाढेचा जिभेकडचा उंचवटा खालच्या दाढेच्या खोलगटात बसेल अशी मांडणी ठरली. थोडक्यात, खलबत्ता. दाढा नव्याने लागल्या. मग निळा कागद तोंडात, "टकटक करा, आता घासा", जिथे निळा ठिपका गडद तिथे चाकाची किरकिर, पुन्हा कागद. घास दोन्हीकडे वाटून चावायचा, अशी ताकीदही मिळाली.

घरी येऊन गाजराचे दोन तुकडे दोन्ही बाजूंना ठेवले. कटकन आवाज आला! मी विजयी मुद्रेने बायकोकडे बघून हसलो.

ती निरखून म्हणाली, "सगळं छान आहे हो, पण पुढचे दोन वाकडे का लावले त्यांनी?"