फ्यूज काढल्याने गळती थांबत नाही

आरव्ही, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन फिरणाऱ्यांमध्ये तिच्यातल्या प्रोपेन गॅसची गळती ओळखून वाजणाऱ्या डिटेक्टरबद्दल एक सल्ला हातोहात फिरतोय: 'प्रोपेनचा डिटेक्टर जुना झाला की उगाच केकाटतो. गॅस नसतोच. फ्यूज काढा आणि झोपा. गळती झालीच तर वास येईल. शंका असेल तर टेस्टचं बटण दाबा, नाहीतर लायटरचा गॅस सोडून बघा.'

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, ते देऊन टाकतो. आतला सेन्सर सतत तापलेला असतो आणि पाच-सात वर्षांत थकतो. पण थकलेला सेन्सर दोन्हीकडे चुकतो. गॅस नसताना ओरडतो, तसा गॅस असताना गप्पही बसू शकतो. सीलंट किंवा पॉलिशमधल्या सिलिकॉनच्या वाफा त्याला लागल्या असतील तर गप्प बसण्याचीच भीती जास्त. ज्याला उगाच वाजायची खोड लागली, तो वेळेवर वाजेल याचा भरवसा काय?

'गॅस नसतोच.' प्रोपेन नसेल, पण बहुतेक वेळा काहीतरी असतं. हेअर स्प्रे, थिनर, स्पिरिट, गोंद यांच्या वाफा आणि प्रोपेन यांतला फरक या सेन्सरला कळत नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, म्हणून डिटेक्टर जमिनीलगत बसवतात. कुत्राही तिथेच झोपतो, त्यामुळे त्याच्यावरही आळ येतो. त्याबद्दल मी काही बोलत नाही.

आमचा डिटेक्टर एकदा पहाटे तीनला वाजला. सडक्या अंड्यांसारखा वास, म्हणजे गॅसच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दार सताड उघडून बाहेर पडलो, बाहेरूनच सिलिंडर बंद केला आणि कुडकुडत बसलो. उजाडल्यावर सिलिंडर पुन्हा सुरू करून एकेका सांध्याला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. मग गाडीतल्या बॅटरीच्या कप्प्याचं झाकण उघडलं, तर बॅटरीच्या कुशी फुगलेल्या आणि हात जवळ नेला तर धग. बिघडलेला चार्जर तिला रात्रभर उकळवत होता. त्यातून निघालेला हायड्रोजन डिटेक्टरने पकडला, हायड्रोजन सल्फाइड आमच्या नाकांनी. दोन्ही वायू पेट घेणारे, दुसरा विषारीही. याला 'खोटा अलार्म' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

'वास येईल.' प्रोपेनला स्वतःचा वास नसतो, त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. पण झोपेत नाकावर विसंबता येत नाही, सर्दीत तर नाहीच, आणि जागेपणीही तोच वास घेत बसलं की नाक बोथट होतं. आतून गंजलेल्या टाकीत तो वास विरतोही. हवेत साधारण २.१ टक्के प्रोपेन झालं की ठिणगी पुरते. डिटेक्टरने त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आत, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपासच, ओरडायचं असतं.

टेस्टचं बटण भोंगा आणि सर्किट तपासतं, सेन्सरला गॅस कळतो का हे नाही. लायटरने सेन्सरवर जवळजवळ निव्वळ गॅसचाच झोत बसतो. त्याला उत्तर मिळालं म्हणून अर्धा टक्का कळेल असं होत नाही.

मग करायचं काय? सलग भोंगा वाजला तर आमच्यासारखंच: एकही स्विच न चालू-बंद करता बाहेर. थांबून थांबून नुसती चिवचिव असेल तर ती बहुधा आयुष्य संपल्याची किंवा व्होल्टेज घसरल्याची खूण असते. कुठली, ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. बारा व्होल्टच्या बॅटरीला मीटर लावा, जाळीवरची धूळ व्हॅक्यूमने ओढा, मागच्या लेबलवरची तारीख बघा. मुदत उलटली असेल तर नवा, आणि तो प्रोपेनसाठीचाच. नैसर्गिक वायूचा नको, तो वायू हलका असल्याने ते डिटेक्टर छताजवळ लावायचे असतात.

बदलायला बहुधा दोन स्क्रू आणि दोन वायरी एवढंच काम असतं. फ्यूज काढायचा तो त्या वेळी. नवा जोडल्यावर सेन्सर तापेपर्यंत दिवा थोडा वेळ लुकलुकतो. तेवढ्यावरून 'हाही बिघडलाय' असं ठरवू नका.