तंबूवर टाकलेलं पॅनल आणि 1100 वॉट-तासांचा हिशेब

सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोकण किनाऱ्यावर कॅम्पिंगला जाताना 100 वॉटचं घडीचं सोलर पॅनल घ्या आणि तंबूवर पसरून टाका. ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, 11 तासांत 1100 वॉट-तास. थोडी सावली आली तरी बिघडत नाही. चार्ज कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरीच्या मध्ये बसून चार्जिंग आवरणारं यंत्र) म्हणजे फुकटचा खर्च, वायरी थेट बॅटरीला जोडा. इंडक्शन शेगडीही चालेल.

किनाऱ्यावर सोलर न्यावं असं मलाही मनापासून वाटतं. पण या मेसेजवर विसंबून कुणी मुलाबाळांना घेऊन निघालं, तर दुसऱ्या रात्री दिवाही नाही आणि फोनही नाही, अशी वेळ येईल. आणि त्यातला एक सल्ला तर सरळ धोक्याचा आहे.

आधी कडक उन्हाचं बघू. पॅनलला उजेड हवा असतो. उष्णतेने त्याची वीज घटते. त्यावर छापलेले 100 वॉट हे प्रति चौरस मीटर 1000 वॉट प्रकाश आणि सेलचं तापमान 25 अंश, अशा चाचणीतले असतात. मे महिन्यात भर दुपारी पॅनल 60 अंशांपर्यंत सहज तापतं. सिलिकॉन सेलची क्षमता दर अंशामागे साधारण 0.35 ते 0.4 टक्क्यांनी उतरते, म्हणजे 12 ते 14 वॉट तिथेच गेले. तंबूच्या कापडाला चिकटलेल्या पॅनलला खालून वारा मिळत नाही, त्यामुळे ते आणखी तापतं. ते जमिनीपासून उचलून ठेवा आणि चारी कोपरे नीट बांधा, कारण दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा हलकं पॅनल उलटवतो. डिसेंबरात रत्नागिरीला भर दुपारीही सूर्य डोक्यावरून सुमारे 40 अंश दक्षिणेला कललेला असतो, तेव्हा पॅनल तेवढंच दक्षिणेकडे तिरकं करा. मे महिन्यात जवळपास आडवं चालतं.

11 तासांचा हिशेब त्याहून चुकीचा आहे. सकाळी सातचं ऊन आणि दुपारी बाराचं ऊन एक नव्हे. निरभ्र दिवसाचा सगळा उजेड मिळून पूर्ण ताकदीचे साधारण पाचच तास भरतात. उष्णता आणि वायरींतली घट वजा केली की 100 वॉटच्या पॅनलकडून दिवसाला 300 ते 350 वॉट-तास धरावेत. पावसाळी ढगांत तेही विसरा.

सावलीबद्दलचं वाक्य वाचून मला सर्वात वाईट वाटलं, कारण आपल्याकडे तंबू लागतो तोच मुळी सावलीत: काशीद-गुहागरला सुरूच्या बनाशी, तारकर्लीला माडांखाली. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात. एका सेलवर सावली पडली की त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो, रबरी नळीवर एका जागी पाय पडावा तसा. बायपास डायोड (सावलीतल्या ओळीला वगळून प्रवाहाला दुसरी वाट देणारे छोटे भाग) असले तर अर्धं पॅनल वाचतं, पण अर्धं जातंच. एक झावळी पुरे होते. म्हणून तंबू सावलीत आणि पॅनल उघड्या पुळणीवर, मध्ये जाड वायर. 1.5 चौरस मिलिमीटरची वायर दहा मीटर नेली तर पूर्ण प्रवाहाला सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेत जातो. 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीत जेमतेम अर्धा. बॅटरी आणि कंट्रोलर मात्र तंबूजवळ सावलीतच ठेवा. 45 अंशांवर तापलेली लिथियम बॅटरी चार्ज करू नये.

आता तो धोक्याचा सल्ला, वायरी थेट बॅटरीला जोडण्याचा. ‘12 व्होल्ट’ म्हणून विकलं जाणारं पॅनल भार नसताना 21-22 व्होल्ट देतं. 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी 14.4 व्होल्टच्या आसपास भरत आणतात. त्यापुढेही ढकलत राहिलं तर तिच्यातलं पाणी फुटून हायड्रोजन सुटतो. बंद तंबूत तो वायू नको. कंट्रोलर घ्याच. साधा पीडब्ल्यूएम प्रकारचा चालेल; एमपीपीटी प्रकारचा महाग, पण पॅनलची जास्त वीज पदरात पाडतो. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, काढताना उलट. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. परत आल्यावर पॅनल गोड्या पाण्याने पुसून घ्या, जोडांवर मीठ राहू देऊ नका.

राहिली इंडक्शन. 1500 वॉटची शेगडी वीस मिनिटांत 500 वॉट-तास खाते, म्हणजे दिवसभराच्या कमाईपेक्षा जास्त. याउलट चार फोन भरायला साधारण 100, पाच वॉटचा दिवा पाच तास म्हणजे 25, दहा वॉटचा पंखा आठ तास म्हणजे 80. एकूण 205. (वेळास-आंजर्ल्याकडे कासवांच्या हंगामात हा दिवाही समुद्राच्या बाजूला लावू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि पाण्याची वाट चुकतात.) चौघांच्या कुटुंबाला 100 वॉटचं पॅनल खरोखर पुरतं. भातासाठी गॅसची छोटी शेगडी न्या.