'साइड इफेक्ट नाही' म्हणे!

शुगरवरच्या घरगुती उपायांना मी हसत नाही. आमच्याकडेही रात्री मेथी भिजत घातलेली असते. तिच्यातल्या चिकट तंतूंमुळे जेवणातली साखर रक्तात जरा सावकाश उतरते, हे खरं आहे. गुडमारचं पान चावून वर गुळाचा खडा खाऊन बघा, गोड लागतच नाही. आणि शुगरच्या ज्या मेटफॉर्मिन गोळीला लोक 'इंग्रजी गोळी' म्हणून नाक मुरडतात, तिची मुळंही गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका वनस्पतीतच आहेत.

माझं डोकं फिरतं ते 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' या वाक्याने. अहो, शुगर खाली येते म्हणता ना? मग ती नको तितकी खाली जाणार नाही कशावरून? ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालूच, त्यावर कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि शेजारच्या काकूंनी सांगितलेला काढा. मग दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, म्हातारं माणूस बाथरूममध्ये पडतं आणि घरचे म्हणतात, 'उन्हाने चक्कर आली असेल.'

'आठ दिवसांत फरक' दाखवणाऱ्या बिननावाच्या पुडीची तर मला जास्तच धास्ती वाटते. अशा 'देशी' औषधांत ग्लिबेनक्लामाइडसारखी शुगरची इंग्रजी गोळी कुटून घातलेली तपासण्यांमध्ये सापडलेली आहे. म्हणजे नावं ठेवायची त्याच गोळीला, आणि खायची तीच, डोस माहीत नसताना! मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक येतेच.

घरच्या भाजीचंही तसंच. २०१० मध्ये दिल्लीत मधुमेह असलेल्या एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा रस पिऊन मृत्यू झाला. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाचं विष असतं. कारल्याच्या रसात मिसळला की दुधीचा कडूपणा कळणार कसा? त्यामुळे दुधीची फोड आधी चाखा, कडू लागली तर सरळ फेकून द्या. कोरोनाकाळात गुळवेलीचा काढा प्यायलेल्या काही जणांचं यकृत बिघडल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. पण डोळे पिवळे दिसले तर वाद संपायची वाट कशाला बघायची?

डॉक्टरमंडळींवरही माझा थोडा राग आहे. काढ्याचं नाव काढलं की ओरडतात, म्हणून पेशंट सांगतच नाहीत. तरी पुढच्या तपासणीला गोळ्यांच्या पिशवीत ती पुडीही टाकून न्या. टाइप १ मधुमेह, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो प्रकार, असेल तर मात्र कुठल्याही पाल्याच्या भरवशावर इन्सुलिन एक दिवससुद्धा बंद करू नका.