डिझेल गाडीची एअर सेल्फ मारून काढू नका

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला सात-आठ जणांनी पाठवला. साताऱ्यातल्या गाडीवाल्यांमध्ये तो फिरतोय, कोरेगाव-रहिमतपूरकडच्या ट्रॅक्टरवाल्यांपर्यंतही पोचलाय. 'डिझेल फिल्टर घरीच बदला, मेकॅनिकचे पैसे वाचवा' असं वर लिहिलंय. आत सांगितलंय ते थोडक्यात असं: नवा फिल्टर डिझेलने काठोकाठ भरून बसवा, मग एअर, म्हणजे डिझेलच्या लाईनीत अडकलेली हवा, काढायची गरजच नाही. तरी गाडी उचलली नाही तर सेल्फ मारत राहा, हवा आपोआप निघते. तेही जमलं नाही तर इंजेक्टरच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या) पाईपांचे नट ढिले करून सेल्फ मारा. बॅटरी बसली तर उतारावरून सोडून गियर टाका, नाहीतर हवेच्या पाईपात स्टार्टिंग स्प्रे मारा. आणि एकदा इंजिन चालू झालं की काम झालं.

मी बावीस वर्षं पंप-नोझलचं काम करतोय. फिल्टर घरी बदलता येतो हे त्यातलं पहिलं म्हणणं मला मान्य आहे. माणसाने आपल्या गाडीचं बॉनेट उघडून बघावं, हात काळे करावेत, असंच मला वाटतं. पण पुढचा सल्ला वाचून लोक जे करून बसतात ते माझ्या बेंचवर येतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

हा सल्ला कुठून आला ते आधी सांगतो, कारण तो कुणी हवेतून काढलेला नाही. जुन्या जीपला, ट्रॅक्टरला जो पंप असतो, ज्याला आमच्याकडची जुनी माणसं अजून 'मायकोचा पंप' म्हणतात, त्याच्यावर ही पद्धत बऱ्यापैकी चालते. त्या पंपातून प्रत्येक नोझलला वेगळा पाईप जातो आणि नोझल साधारण दीडशे-दोनशे बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास उघडतं. त्यातल्या लाईनपंपाच्या आतला कॅम इंजिन ऑईलमध्ये फिरत असतो, त्याचं वंगण डिझेलवर अवलंबून नसतं. बाप-आजांनी शेताच्या बांधावर पाना घेऊन अशीच एअर काढली, आणि ती बरोबरच काढली. पण १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून कॉमन रेल पहिल्यांदा मोटारीत आली आणि मागच्या वीसेक वर्षांत आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या डिझेल मोटारी तशाच झाल्या. त्यात एक हाय प्रेशर पंप सगळं डिझेल एका जाड नळीत, म्हणजे रेलमध्ये, कोंबतो. दाब १६०० बार, काही गाड्यांत २००० च्याही पुढे. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३२ पाउंड हवा भरतो, म्हणजे २.२ बार. रेलमधला दाब त्याच्या सातशे पट. ट्रॅक्टरची युक्ती इथे लावली की काय होतं ते पुढे येईलच.

'फिल्टर डिझेलने भरून बसवा.' फिल्टर भरायचा तर कुठल्या भोकातून, हे त्या मजकुरात कुठेच नाही, आणि सगळा धोका तिथेच आहे. आटे फिरवून बसवायच्या फिल्टरला कडेने लहान भोकं असतात आणि मध्ये एक मोठं. कडेच्या भोकांतून मळकं डिझेल आत येतं, कागदातून गाळून मधल्या भोकातून पंपाकडे जातं. लोक साहजिकच मोठ्या भोकात ओततात. म्हणजे कॅनमधलं न गाळलेलं डिझेल थेट स्वच्छ बाजूला. इंजेक्टरच्या आतल्या सुईची फट दोन-चार मायक्रॉनची असते, माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड असतो. कॅनच्या तळाची डोळ्याला न दिसणारी रेती त्या फटीत जाऊन बसते. म्हणून बऱ्याच कॉमन रेल गाड्यांच्या माहितीपुस्तकात फिल्टर कोरडाच बसवा असं सांगितलेलं असतं. जुन्या पंपाच्या गाडीत भरायचाच असेल तर कडेच्या भोकांतून, हळूहळू, स्वच्छ डिझेल. आणि भरला तरी फिल्टरच्या डोक्यात आणि पुढच्या पाईपात हवा राहतेच, त्यामुळे 'एअर काढायची गरज नाही' हे तेव्हाही खरं नाही.

'सेल्फ मारत राहा.' सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलंय.

हवा दाबली तर आक्रसते, डिझेल जवळजवळ आक्रसत नाही. पंपाच्या पोटात हवेचा बुडबुडा असेल तर प्लंजर (पंपातला दट्ट्या) तो बुडबुडाच दाबत बसतो, पुढे काही ढकलत नाही. कॉमन रेलमध्ये तर रेलचा दाब साधारण दीड-दोनशे बारवर पोचल्याशिवाय ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडतच नाही. तुम्ही किल्ली धरून ठेवता, इंजिन गरागरा फिरतं, पण आत डिझेलचा थेंब जात नाही. या काळात तीन गोष्टी झिजतात. बॅटरी, हे सगळ्यांना कळतं. सेल्फ मोटर, कारण ती डिझेल इंजिन फिरवताना दोन-दोनशे अँपिअर ओढते आणि थोड्या सेकंदांच्या कामासाठीच बनवलेली असते. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मग एक मिनिट थांबायचं, ही तिची मर्यादा. आणि तिसरा पंप. मोटारींतल्या बहुतेक हाय प्रेशर पंपांना वंगण म्हणून दुसरं काही नाही, आतून जाणारं डिझेल हेच त्यांचं वंगण. तो कोरडा फिरला की धातूवर धातू घासतो.

कोरेगावकडचे एक गृहस्थ गाडी टो करून घेऊन आले होते. "मिस्त्री, नुसता फिल्टर बदललाय, दुसरं काही केलं नाही," असं म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. मधल्या वेळात दोन बॅटऱ्या लावून अर्धा तास सेल्फ मारला होता एवढंच. मी फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बरणीत काढून उन्हात धरलं. चांदीची भुकटी टाकल्यासारखं चमकत होतं. ती भुकटी पंपातून निघालेली. ती रेलमध्ये जाते, चारही इंजेक्टरमध्ये जाते आणि उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रिटर्न लाईनमधून टाकीतही जाते. म्हणजे नुसता पंप बदलून भागत नाही: टाकी उतरवा, लाईनी धुवा, रेल, इंजेक्टर सगळं तपासा. फिल्टर बदलायची मजुरी वाचवायला गेलेल्या माणसाला मी त्या दिवशी अंदाजाचा आकडा सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. असं कुणाला सांगायची वेळ पुन्हा येऊ नये म्हणून हे लिहितोय.

'इंजेक्टरचे नट ढिले करा.' इथे पैशाचा प्रश्न संपतो आणि हाताचा सुरू होतो. कॉमन रेल गाडीत हाय प्रेशरच्या पाईपाचा नट इंजिन फिरताना ढिला करायचा नाही, सेल्फ मारतानाही नाही. एक तर नट ढिला असला की रेलमध्ये दाब बनत नाही, म्हणजे गाडी सुरू व्हायचा रस्ता तुम्हीच बंद करता. काही गाड्यांत तो पाईप एकदा उघडला की नवाच टाकायचा असतो. पण खरी भीती वेगळी आहे. या दाबाने सुटलेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्या उस्तादांचा एकच कडक नियम होता: नोझलखाली बोट न्यायचं नाही. नोझल तपासायच्या साध्या टेस्टरवर, दोनशे बारला, माझ्यासोबतच्या मुलाच्या तर्जनीत धार घुसली. वर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, रक्तसुद्धा नाही. तो हात पुसून काम करत राहिला. रात्री हात कोपरापर्यंत सुजला. बोट वाचलं, पण ते आजही पूर्ण मिटत नाही. जुन्या पंपावर ही गत, मग रेलवर काय होईल?

असं कुणाला झालंच, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, दाबून डिझेल काढत बसू नका. त्याच तासाला सर्जनकडे जा आणि 'दाबाने डिझेल आत गेलंय' हे शब्द स्पष्ट सांगा, कारण वरून जखम किरकोळच दिसते. आत मांस मरत जातं, उशीर झाला तर बोट काढावं लागतं. गळती शोधायची तर हाताने चाचपू नका, लांबून पुठ्ठा धरा.

जुन्या ट्रॅक्टरला नट ढिला करून एअर काढणं चालतं, ते मी नाकारत नाही. तिथेही चेहरा बाजूला, हात लांब, नटावर चिंधी, आणि आधी कमी दाबाच्या बाजूची, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची, हवा काढून झालेली असली पाहिजे.

'उतारावरून सोडा.' सातारकरांना उताराची कमी नाही, म्हणूनच हे वाचून मी हादरलो. यवतेश्वरचा घाट असो नाहीतर वाईकडचा पसरणी, बंद इंजिनाची गाडी तिथे सोडणं म्हणजे ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही अर्धे गमावणं. डिझेल गाडीत ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम इंजिनवर चालणाऱ्या पंपातून येतो. इंजिन बंद असेल तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढलेली असेल तर लॉकही होऊ शकतं. एवढं करून पंप कोरडाच फिरतो, सेल्फपेक्षा जोरात.

स्प्रेबद्दल फार लिहीत नाही. मोटारींच्या डिझेल इंजिनात ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे) लाल होतात, स्प्रेमधल्या इथरची वाफ त्यांना लागली की वेळेआधी भडका उडतो. पिस्टन, रिंगा, कनेक्टिंग रॉड यांच्यापैकी काय तुटेल सांगता येत नाही. शिवाय अडचण डिझेल न पोचण्याची आहे, स्प्रेने ते पोचत नाही. काहीजण फिल्टरमध्ये थोडं पेट्रोल टाकतात, तेही नको. पेट्रोलला डिझेलचा वंगणपणा नाही.

मग एअर काढायची कशी? हवा काढायची ती कमी दाबाच्या बाजूने, म्हणजे टाकीपासून हाय प्रेशर पंपाच्या तोंडापर्यंतच्या भागातून. ती बाजू भरली की पुढचं काम पंप स्वतः करतो.

फिल्टर उघडण्याआधी भोवतीची धूळ ब्रशने आणि फडक्याने साफ करा. आपल्याकडे उसाच्या हंगामात रस्त्यावरची माती बॉनेटखाली साचलेली असते, ती फिल्टरच्या डोक्यात पडली तर नव्या फिल्टरचा उपयोग काय. खाली भांडं ठेवा. अल्टरनेटर, बेल्ट आणि रबरी पाईपांवर डिझेल सांडू देऊ नका, सांडलं तर लगेच पुसा. जुनी ओ रिंग (फिल्टरची रबरी रिंग) निघाली का ते हाताने बघा. ती वर चिकटून राहिली आणि नवी तिच्यावर बसली, असे फिल्टर मी कितीतरी पाहिलेत. नव्या रिंगेला बोटाने डिझेल लावा, कोरडी रिंग आवळताना मुरगळते.

डिझेल ओढायचा हातपंप किंवा रबरी फुगा असलेली गाडी असेल तर किल्ली बंद ठेवून फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करा आणि पंप मारत राहा. आधी नुसती हवा, मग फेस, मग बुडबुड्यांसकट डिझेल येईल. बुडबुडे पूर्ण थांबून सलग धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. नंतर हातपंप कडक लागेपर्यंत मारा. याला पाच मिनिटंही लागू शकतात, अंगठा दुखेल, पण घाई करू नका.

टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली 'ऑन'वर न्या, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून काही सेकंद घुंऽऽऽ असा आवाज येईल आणि थांबेल. किल्ली बंद करा, परत ऑन. असं पाच-सहा वेळा करा. काही गाड्यांत हा पंप स्कॅनर लावूनच सलग चालवावा लागतो. तुमची गाडी त्यातली असेल तर गॅरेजलाच न्या, तिथे मजुरी वाचवू नका.

मग दहा सेकंद सेल्फ. नाही उचलली तर एक मिनिट थांबून पुन्हा हातपंपापासून सुरुवात. तीन वेळा करूनही उचलली नाही तर हवा कुठूनतरी आत येतेय, सेल्फ मारून ती थांबणार नाही.

शेवटचा दावा, 'चालू झाली की काम झालं.' चालू झाल्यावर पाच-दहा मिनिटं गाडी जागेवर ठेवा, रेस हळूहळू वाढवा. रेस वर-खाली झाली तर लाईनमध्ये अजून हवा आहे. फिल्टरभोवती कोरडं फडकं फिरवून ओल बघा. पण फडकं कोरडं निघालं म्हणून निश्चिंत होऊ नका. जिथे टाकीत पंप नाही, तिथे टाकीपासून पुढची लाईन ओढीवर चालते. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून अशा गळतीचा जमिनीवर डाग पडत नाही. रात्रभर उभ्या गाडीतलं डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि सकाळी पहिला सेल्फ लांबतो. दिवसा गरम असताना मात्र एका झटक्यात सुरू होते, आणि लोक बॅटरीला किंवा ग्लो प्लगला दोष देऊन ते बदलतात.

तेव्हा फिल्टर बदलल्यावर पहिले दोन-तीन दिवस सकाळचा पहिला सेल्फ लक्ष देऊन ऐका. लांबायला लागला तर फिल्टर आणि पंपाच्या मधल्या कमी दाबाच्या पाईपाऐवजी तात्पुरता वीतभर पारदर्शक डिझेल पाईप लावा आणि इंजिन चालू असताना उजेडात बघा. आत बुडबुडे धावताना दिसले तर पुन्हा फिल्टरची रिंग उघडा. दहापैकी आठ वेळा ती कुठेतरी चिमटलेली असते.