अंस आणि अंश

खांद्याच्या मागच्या चपट्या हाडावरच्या तुमच्या लेखात त्याच्या ‘अंसफलक’ या नावाची फोड अगदी बरोबर दिली आहे: अंस म्हणजे खांदा, फलक म्हणजे फळी. फक्त दोन ठिकाणी ‘अंशफलक’ छापलंय, ते कृपया दुरुस्त करा. अंश म्हणजे भाग, त्याचा खांद्याशी संबंध नाही. खांद्यासाठीचा ग्रीक शब्द ‘ओमोस’ मात्र या ‘अंस’चाच सख्खा भाऊ!

याच हाडाचं ‘अंसकूट’ही सांगायला हवं होतं. कूट म्हणजे शिखर. मानेकडून खांद्याच्या टोकाकडे बोट सरकवत न्या, कडेला जो टणक उंचवटा लागतो तो हाच. सुश्रुतसंहितेत हा शब्द आहे. या उंचवट्याचं ग्रीकमधून इंग्रजीत आलेलं नाव ‘अक्रोमियन’, त्याचा अर्थही खांद्याचं टोक असाच. दोन भाषांना एकच गोष्ट दिसली, याचं मला फार अप्रूप वाटतं.